चोवीसपट दुर्बीण

माझ्या सासऱ्यांच्या हातात कात्री आली की मला घाम फुटतो. ते न्हावी नाहीत, शिंपीही नाहीत. ऑर्व्हिल टेस्मर यांनी आयुष्यभर लाकडाची वखार चालवली. पण नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, की जंगलातल्या आमच्या कॅम्पमध्ये, म्हणजे लाकडी झोपडीत, संध्याकाळी जेवणाआधी ते चुलीवरच्या फळीवरून लांब पात्यांची एक कात्री उतरवतात आणि गोड आवाजात विचारतात, "बोला, आज कोणाचं शेपूट?"

शेपूट शर्टाचं. आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात रीतच आहे तशी. हरणावर गोळी झाडली आणि ती चुकली, की त्या माणसाने सगळ्यांसमोर स्टुलावर उभं राहायचं, पाठ फिरवायची, पँटमध्ये खोचलेला शर्ट मागून बाहेर काढायचा आणि कॅम्पच्या म्होरक्याने त्याचा मागचा घोळ कापून, त्यावर नाव आणि साल लिहून भिंतीवर ठोकायचा. बाकीच्या जगात माणसाचं नाक कापतात. आमच्याकडे निदान कापड तरी हाती लागतं.

त्या भिंतीवर माझी दोन शेपटं आहेत. एक लाल चौकड्यांचं, एक हिरवं. हिरवा शर्ट बायकोने वाढदिवसाला दिला होता, त्यामुळे त्या वर्षी मला दोन ठिकाणी बोलणी खावी लागली.

आणि तिसरं शेपूट म्हणजे कारभार आटोपला. टेस्मर कॅम्पचा कायदाच आहे: तीन शेपटं झाली की बंदूक खुंटीला आणि माणूस स्वयंपाकघरात, कायमचा. क्लॅरेन्सकाका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, असेच आत गेले, ते अजून बटाटे सोलताहेत. आपण एके काळी पट्टीचे नेमबाज होतो असं ते सांगतात. दुसरं कोणीही तसं सांगत नाही.

आता यातली खरी मेख ऐका. माझं गावात चष्म्याचं दुकान आहे! गावातल्या निम्म्या नाकांवर मी विकलेले चष्मे बसलेले आहेत. दुसरं शेपूट भिंतीवर गेल्यावर गिऱ्हाईकं काउंटरवर रेलून विचारायला लागली, "लॉरिन, हा नंबर नीट बघून काढलायस ना रे? की हरणासारखाच अंदाजाने?" एका बाईंनी तर चष्मा परत आणून दिला. मला वाचायला व्यवस्थित दिसतंय, म्हणाल्या, पण मनाला खात्री वाटत नाही.

तेव्हा मी ठरवलं की दोष माझ्यात नाही, दुर्बिणीत आहे. माझ्या बंदुकीवर जुनी चारपट दुर्बीण होती. चारपट म्हणजे काय हो? चारपट तर आमचे सासरे स्वतःची शिकार वाढवून सांगतात!

"नवी दुर्बीण घेतोय," मी आर्लिसला म्हणालो. आर्लिस म्हणजे माझी बायको आणि ऑर्व्हिल टेस्मर यांची मुलगी. यातली दुसरी ओळख ती कधी विसरत नाही.

"दोन्ही वेळा तू डोळे मिटून चाप ओढलास, असं वेंडेल सांगत होता," ती म्हणाली. वेंडेल हा तिचा भाऊ.

"त्याला काय माहीत? तो टेकडीपलीकडे होता!"

"मग आवाजावरून कळलं असेल."

अशा वातावरणात माणसाने प्रगती करायची. पण मी पेटलो होतो! सकाळी दात घासताना मला आरशात हरणं दिसायची. दुकानात गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर भिंगं बदलताना "आता बरं दिसतं की मघाशी?" असं विचारायच्या जागी मी एकदा "शिंगं किती?" असं विचारून बसलो.

बातमी फुटली कशी ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्याच दिवशी आमचा शेजारी मायलो ह्रुस्का पानं गोळा करायचा दांडा घेऊन कुंपणाशी हजर. मायलोने गुडघ्याच्या दुखण्यामुळे शिकार सोडल्याला जमाना झाला. त्यामुळे सल्ला द्यायला त्याच्याकडे वेळ भरपूर.

"कितीपट घेतोयस?" त्याने विचारलं.

"नऊपट पुरे होईल असं वाटतं."

मायलोने दांडा कुंपणाला टेकवला. "नऊपटात तुला हरणाची पाठ दिसेल, लॉरिन. चोवीसपट घे. चोवीसपटात हरणाचा स्वभाव दिसतो."

"स्वभाव बघून काय करू?"

"बिचकणारं आहे की थांबणारं आहे, ते आधी कळलं म्हणजे निम्मी लढाई जिंकली!"

मला ते पटलं. आज आठवून लाज वाटते, पण त्या वेळी पटलं. मग न्हाव्याने सांगितलं की पट महत्त्वाची नाही, नळी जाड हवी. पाद्रीबुवांनी रविवारी चर्चच्या दारात माझा हात हातात घेतला आणि तो न सोडता म्हणाले, "पुढचं भिंग मोठं घे, बाळ. पहाटेचा उजेड परमेश्वर देतो, पण गोळा आपल्यालाच करावा लागतो." शुक्रवारी तळलेले मासे खायला आम्ही नेहमीच्या हॉटेलात गेलो, तर आमच्या टेबलावर दुर्बिणीतली नेम धरायची फुली जाड असावी की बारीक यावरून असं रण माजलं, की वाढणारी बाई कोबीची कोशिंबीर आमच्या टेबलावर ठेवायला घाबरून शेजारच्या टेबलावर ठेवून गेली.

"मी एकच विचारते," घरी येताना आर्लिस म्हणाली. "आपल्या जंगलात हात लांब केला की झाडाला लागतो. तिथे चोवीसपट कशाला हवी?"

मी तिच्याकडे करुणेने बघितलं. नवऱ्याला मिळणाऱ्या मोजक्या सुखांपैकी हे एक, पण ते टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान तासभर बंद ठेवून मी गॉर्डीच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. गॉर्डीने काचेच्या कपाटामागून दोन्ही हात पसरले. "ये ये! तू तर आमच्यातलाच, भिंगातला माणूस. तुला मी पामर काय सांगणार!"

हे वाक्य फार महागात पडतं. एकदा कोणी तुम्हाला जाणकार म्हटलं, की तुमचं तोंड शिवलं गेलं. नंतर एक प्रश्न विचारायची सोय राहत नाही. गॉर्डीने विचारलं, "डोळ्यापासून अंतर किती लागतं तुला?" आता चष्मा नाकावरच बसतो, त्यात अंतर कसलं आलंय? पण मी भुवया आवळून म्हणालो, "पुरेसं."

"वा!" गॉर्डी म्हणाला. "याला म्हणतात माणूस!"

आणि त्याने ती काढली. चोवीसपट! लांबी म्हणाल तर माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, आणि पुढचं भिंग आर्लिसच्या कुंडीएवढं. मी ती डोळ्याला लावून दुकानाच्या खिडकीतून बाहेर बघितलं आणि अंगावर काटा आला. चर्चच्या मनोऱ्यावरच्या कबुतराचा डोळा दिसला! कबुतराने पापणी मिटली तीही दिसली! दुर्बीण जरा खाली वळवली, तर समोरच्या हॉटेलात बसून माझा मेहुणा वेंडेल पाय, म्हणजे आमच्याकडची गोड सारणाची जाड पोळी, खात होता. आत सफरचंद नव्हतं, भोपळा होता. डॉक्टरने त्याला गोड बंद केलंय. त्याच क्षणी मी म्हणालो, "बांध!"

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदूक आडवी ठेवली आणि दुर्बीण बसवायला घेतली. बसेना. पुढचं भिंग एवढं मोठं, की ते बंदुकीच्या नळीलाच टेकत होतं. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या उंच कड्या हव्या होत्या. त्या मागवल्या, तर आल्या त्या भलत्याच मापाच्या. परत पाठवल्या. पुन्हा आल्या त्या एवढ्या उंच, की दुर्बिणीतून बघायला मान वर ताणावी लागायची आणि गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकायचाच नाही. कुंपणापलीकडच्या लग्नात डोकावणाऱ्या माणसासारखा मी दिसत होतो.

"दस्त्याला उशी बांध," मायलो म्हणाला. आता तो कुंपणापर्यंतही थांबत नव्हता, सरळ स्वयंपाकघरात येऊन कॉफी ओतून घ्यायचा. सोफ्यावरची एक छोटी उशी घेतली आणि चिकटपट्टीने दस्त्याला गुंडाळली. उशीवर सूर्यफुलं होती. आर्लिसने ते बघितलं आणि ती सरळ माहेरी फोन करायला गेली. ही फार वाईट खूण.

मग निघाला फुलीचा प्रश्न. दुर्बिणीतली उभी रेघ अगदी उभी हवी ना! मी दिव्याला दोरा बांधून त्याला चमचा लटकवला आणि त्या दोऱ्याशी रेघ जुळवली.

"डावीकडे कलली आहे," मायलो म्हणाला.

"उजवीकडे," फोनचं तोंड हाताने दाबून आर्लिस म्हणाली.

मायलोने घरून पाणसळ आणली आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा कोपऱ्यात. फरशीवर ठेवली. बुडबुडा आणखी कोपऱ्यात. मायलो हळूच उठला. "लॉरिन," तो मृत्यूची बातमी सांगावी तसा म्हणाला, "तुझी दुर्बीण सरळ आहे. घर वाकडं आहे." आणि खरंच हो! लग्न झाल्यापासून आमच्या सुपाच्या ताटल्या एका बाजूला का सांडतात ते मला त्या दिवशी कळलं. पुढे सुतार आला, फरशी उचकटली गेली, खालची तुळई कुजलेली निघाली, आणि आम्ही पलंगावर बसून जेवायला लागलो. दुर्बिणीने अजून एकही गोळी बघितली नव्हती.

आता नेम जुळवायचा तर चांदमारीच्या मैदानावर जायला हवं. ते आमच्या गन क्लबचं. क्लबच्या सेक्रेटरीणबाई काउंटरमागे विणत बसल्या होत्या.

"सभासद आहात?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही, पण होतो की!"

"होण्यासाठी दोन सभासदांची शिफारस लागते. आणि त्यातला एक तुमचा नातेवाईक नसावा."

आमच्या गावात हे कसं जमायचं? मायलोचं नाव दिलं तर बाईंनी विणकाम बाजूला ठेवून सिद्ध केलं, की मायलोची आजी आणि माझ्या सासऱ्यांची आत्या एकच बाई होती. मला धक्काच बसला. मायलोलाही बसला, पण तो त्या दिवसापासून जास्तच कॉफी प्यायला लागला. शेवटी पाद्रीबुवांनी शिफारस केली.

"आता डोळे तपासल्याचा दाखला आणा," बाई म्हणाल्या.

"तो मीच देतो. गावात डोळे मीच तपासतो!"

"स्वतःचा स्वतःला चालत नाही. दुसऱ्याकडून आणा."

दुसरा म्हणजे कोण, तर शेजारच्या गावातला शेल्बी, माझा वैरी, जो एका चष्म्यावर दुसरा अर्ध्या किमतीत देतो! मी त्याच्या खुर्चीत बसलो. त्याने माझ्या हनुवटीखाली थंडगार बोट घालून मान वर केली, भिंगांमागून भिंगं टाकली, आणि प्रत्येक भिंगागणिक विचारलं, "आता बरं दिसतं की मघाशी?" हा माझा प्रश्न आहे हो! तो मला कोणी विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी शेल्बीने दाखल्यावर सही केली. "डोळे अगदी उत्तम आहेत, वाखहोल्झ," तो मला आडनावाने हाक मारत म्हणाला. "मग हरणांचं काय होतं?"

पण जाऊ द्या. मैदान मिळालं! थंडगार, निरभ्र सकाळ होती. मी वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवली, गाल सूर्यफुलांवर ठेवला, डोळा दुर्बिणीला अगदी चिकटवला आणि चाप ओढला.

डोळ्यापासून अंतर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बंदूक मागे धक्का देते, आणि दुर्बिणीची कड तुमच्या भुवईपासून पुरेशी लांब नसेल तर ती येऊन भेटते. काय भेटते! एक क्षण मला वाटलं, गोळी उलट आली. बाई विणकाम हातात घेऊनच धावत आल्या, माझ्या भुवईवरचं रक्त बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "चंद्रकोर."

अगदी रेखीव चंद्रकोर! आमच्या भागात या खुणेचा अर्थ तान्ह्या पोरालाही कळतो. रविवारी चर्चमध्ये मी टोपी काढली आणि भजन म्हणणाऱ्यांचा सूर एका ओळीत डाव्या बाजूने उजवीकडे बिघडत गेला. मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी माझ्या खांद्यावर टिचकी मारून विचारलं, "कितीपट रे?"

"चोवीस," मी म्हणालो.

"अरे देवा," आजीबाई म्हणाल्या आणि प्रार्थनेला लागल्या.

मी डगमगलो नाही. दुर्बीण पुढे सरकवली आणि पुन्हा मैदानावर गेलो. आणि सांगतो, विश्वास ठेवा, सगळ्या गोळ्या कागदाच्या मधोमध, एकमेकींना खेटून! बाईंनीही विणकाम थांबवून बघितलं. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि गावभर दाखवला. जन्मात पहिल्यांदा मला हंगामाची भीती वाटत नव्हती. उलट, कधी एकदा उजाडतंय असं झालं होतं!

हंगामाच्या आदल्या संध्याकाळी कॅम्पवर पोचलो. भगवी जाकिटं खुंट्यांवर, चुलीवर सॉसेज, टेबलावर पत्ते. वेंडेलने माझी बंदूक पिशवीतून बाहेर येताना पाहिली आणि पत्ते खाली ठेवले.

"जावईबापू, ही दुर्बीण आहे की तोफ? वेधशाळेला कळवलंत का, शनीची कडी गायब होतील म्हणून?"

"आणि ही फुलं कसली रे?" क्लॅरेन्सकाकांनी उशीवर बोट ठेवून विचारलं. मग ते आत गेले आणि एक जुना एप्रन घेऊन आले. त्यांनी तो माझ्या पोटावर लावून बघितला. "कंबर किती तुझी? नाही, आधीच नाडी वाढवून ठेवतो. मला आत सोबत होईल."

"काका, नाडी राहू द्या," मी म्हणालो. "या वर्षी भिंतीवर माझं काही लागलं तर ते शिंगच असेल!"

सासरे कोपऱ्यात बसून कात्री तेलाने पुसत होते. एवढ्या वर्षांत त्या भिंतीवर त्यांचं स्वतःचं एकही शेपूट लागलेलं नाही. त्यांना फक्त कापायचं ठाऊक.

सकाळी अंधारातच आपापल्या जागांवर गेलो. सासरे मोठ्या ओकखाली, त्यांच्या ठरलेल्या बाकावर. मी त्यांच्यापासून जवळच, उंचवट्याच्या अलीकडे. बोटं गारठली होती, नाक जागेवर आहे की नाही कळत नव्हतं, पण आत नुसती उकळी फुटत होती. झुंजुमुंजू झालं. आणि समोरच्या झुडपांत काहीतरी हललं.

तपकिरी! मोठं! मी दुर्बीण लावली. आणि मला केस दिसले.

नुसते केस. चोवीसपट केस. वरपासून खालपर्यंत सगळं भिंग केसांनी भरलेलं. पाठ आहे की पोट, पुढचं की मागचं, काही कळायला मार्ग नाही. मायलो म्हणाला होता स्वभाव दिसेल. इथे मला त्याची कातडी सोडून काही दिसत नव्हतं! मी श्वास रोखला, बंदूक केसाएवढी डावीकडे सरकवली, आणि भिंगात एक भलंमोठं पांढरं वर्तुळ आलं.

हरणावर वर्तुळ? मी आणखी सरकवली. अर्धवट वर्तुळ आलं, एका बाजूने उघडं. पुन्हा उजवीकडे गेलो, मधलं वर्तुळ ओलांडून पुढे, तर चार तिरप्या रेघा. मी मनातल्या मनात जुळवलं: सी, ओ, डब्ल्यू. काउ!

ती निगार्डची गाय होती. हंगाम आला की कॅम्पशेजारचा शेतकरी निगार्ड आपल्या गाईंच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाने हातभर अक्षरांत 'काउ' लिहून ठेवतो. शहरातून येणाऱ्या शिकाऱ्यांना गाय ओळखता येत नाही, पण वाचता येतं, असं त्याचं म्हणणं. मी खाली बसलो आणि हातमोजा तोंडात कोंबून हसलो. जनावराला अक्षर अक्षर लावून वाचणारा जगातला पहिला शिकारी मीच असणार! पण चाप ओढला नव्हता. शेपूट शाबूत होतं. आणि ही गोष्ट कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, म्हणून बंदूक रिकामी करून मी सासऱ्यांकडे निघालो.

ओकजवळ गेलो, अगदी त्यांच्या पुढ्यात. डोक्यापासून पायापर्यंत मी भगवा.

"कोण आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच, बाबा."

"दिसलं मला," ते तुटकपणे म्हणाले. "बस. आवाज करू नकोस."

मी बाकावर टेकलो आणि तोच एक हरणाचा नर आला. शिंगं! अशी शिंगं मी फक्त हॉटेलाच्या भिंतीवर बघितलेली. तुटक्या बर्चच्या खोडाच्या डाव्या बाजूला तो उभा राहिला, मान वर करून. मी सासऱ्यांचं कोपर दाबलं. त्यांनी बंदूक उचलली. काय तो हात, दगडासारखा स्थिर! पण नळी निघाली उजवीकडे. खोडाकडे. मी तोंड उघडेपर्यंत गोळी सुटली, खोडाची ढलपी उडाली, आणि त्या नराने आमच्याकडे एकदा बघितलं आणि सावकाश निघून गेला.

"पडला!" सासरे म्हणाले. "जा, बघून ये."

मी गेलो. खोडाला वर दोन फांद्यांचे तुटके खुंट होते, शिंगांसारखे. बरोबर त्यांच्याखाली, मधोमध, गोळीचं भोक. मी परत आलो. रिकामी बंदूक तशीच त्यांच्यापुढे धरली. ते माझ्या दुर्बिणीतून बघायला लागले. फार वेळ बघत राहिले.

"खोड आहे," ते म्हणाले.

"हो. पण नेम अगदी मधोमध लागलाय, बाबा."

"दोन वर्षं झाली. सारखं धुकं दिसतं."

"आज धुकं नाहीये."

"माहितेय मला."

मी त्यांच्या चेहऱ्याजवळ वाकलो. कोवळ्या उन्हात दोन्ही बुबुळांमागे राखाडी पडदा दिसत होता. रोज दहा जणांचे डोळे बघणारा माणूस मी, आणि दर रविवारी याच माणसासमोर बसून जेवतो! माझं मलाच फार वाईट वाटलं. "मोतीबिंदू आहे, बाबा. काढता येतो, अर्ध्या दिवसाचं काम."

"तोंड बंद ठेव," ते म्हणाले. आवाज मात्र दटावणीचा नव्हता. "वेंडेलला कळलं तर बंदूक काढून घेईल. आणि खरंच आहे त्याचं. उद्या खोडाच्या जागी कोणी माणूस असला तर?"

तेवढ्यात झाडीतून वेंडेल धावत आला. "एक गोळी! एकच! कोणाची?" असं विचारताना त्याने वडिलांकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचे दात आधीच बाहेर आले होते आणि नजर माझ्या चंद्रकोरीवर होती.

सासऱ्यांनी तोंड उघडलं. मी म्हणालो, "माझी."

का म्हणालो? दया वगैरे म्हटलं तर सासरे मला तिथेच पुरतील. त्यांनी बाकाची कड अशी घट्ट धरली होती, एवढंच मी बघितलं. वेंडेल ओरडत सुटला, "तिसरं! क्लॅरेन्सकाका, नाडी वाढवा!" आणि कॅम्पकडे परतताना मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसलोय. फरशी उचकटली, वैऱ्याच्या खुर्चीत बसलो, कपाळ फोडून घेतलं, आणि नेम जमायला लागला त्याच वर्षी उरलेला जन्म बटाट्यांना वाहिला.

संध्याकाळी सगळे जमले. स्टूल मधोमध. क्लॅरेन्सकाकांनी माझ्या गळ्यात एप्रन अडकवून कानात सांगितलं, "कांदे तू. मला त्रास होतो." मी स्टुलावर चढलो, पाठ फिरवली आणि शर्ट बाहेर काढला. कात्री फळीवरून उतरल्याचा आवाज आला. वेंडेल टेबल बडवत होता. मी डोळे मिटले आणि पाठीला पात्याचा गारवा लागायची वाट बघत राहिलो.

कर्र कर्र कापड कापल्याचा आवाज आला. पाठीला काहीच लागलं नाही. टेबल बडवणं थांबलं. मी मागे वळून बघितलं. सासऱ्यांच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात निळ्या लोकरी शर्टाचा घोळ. त्यांच्याच शर्टाचा.

"बाबा?" वेंडेल म्हणाला. "पण लॉरिन तर म्हणाला..."

"लॉरिन खोटं बोलला. गोळी माझी होती." त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. "उतर खाली. एप्रन इकडे दे. बंदूक उद्यापासून खुंटीला, डोळे नीट होईपर्यंत."

क्लॅरेन्सकाका नुसते भावाकडे बघत राहिले. सासऱ्यांनी एप्रनची नाडी स्वतःच बांधली आणि हातोडी उचलून माझ्यापुढे केली.

"खिळा तू ठोक," ते म्हणाले. "मला तो दिसत नाही."

मी तुकडा भिंतीला लावला, खिळा चिमटीत धरला आणि सगळं बळ एकवटून घाव घातला. तो सरळ अंगठ्यावर बसला. "आई गं!" म्हणून मी किंचाळलो, हातोडी खाली पडली, आणि कोणाची हसायची हिंमत होईना.

"हे मात्र मला स्पष्ट दिसलं," सासरे म्हणाले.